ओव्हेल मलेरिया उलटतो का? आणि मलेरी, नोलेसी या मलेरियाच्या इतर जाती?

प्रश्न: नायजेरियाहून परतलेल्या ६० किलो वजनाच्या कामगाराच्या रक्तात प्लाझ्मोडियम ओव्हेल हा मलेरियाचा परजीवी सापडला. क्लोरोक्विनचे ३ दिवस पूर्ण, ताप गेला, रक्तपट्टी साफ. तरीही मलेरिया उलटेल का, म्हणजे पुन्हा येईल का?

उत्तर १: उलटू शकतो, उपचार अर्धाच झाला आहे. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीसारखाच ओव्हेलही यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही रक्तात उतरतो. क्लोरोक्विन फक्त रक्तातले परजीवी मारतं. यकृतातल्यांसाठी प्रायमाक्विनच हवं: किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, रोज, १४ दिवस. या रुग्णाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ७.५ च्या दोन गोळ्या. जेवणानंतरच द्या. उपाशीपोटी पोटात कळा येतात, त्यात ताप उतरलेला, मग पाचव्या दिवशीच गोळ्या सुटतात.

त्याआधी जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) तपासणी कराच. कमतरता असेल तर तांबड्या पेशी फुटतात. लघवी काळपट किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून थेट रुग्णालयात. गरोदर स्त्रीला हे औषध द्यायचं नाही.

उत्तर २: मलेरीचं तसं नाही. तो यकृतात दडत नाही, पण रक्तातच इतक्या कमी संख्येने तग धरतो की पट्टीत सापडत नाही आणि कित्येक वर्षांनी ताप आणतो. तिथे १४ दिवसांच्या प्रायमाक्विनचा उपयोग नाही. संसर्ग जुना असेल तर लघवीतलं प्रथिन तपासा, मूत्रपिंडं बिघडतात.

नोलेसी उलटत नाही, मात्र दर २४ तासांनी वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो मलेरीसारखाच दिसतो. म्हणून मलेशियातल्या साबा-सारावाकहून आलेल्याच्या रिपोर्टवर 'मलेरी' असेल तर पीसीआर (परजीवीची जनुकीय चाचणी) होईपर्यंत नोलेसीच समजा.

प्रश्नकर्ता: या रुग्णाच्या नायजेरियातल्या जुन्या कागदांत फाल्सिपॅरम मलेरियासाठी 'प्रायमाक्विन दिले' अशी नोंद आहे. ते चालेल?

उत्तर १: मात्रा बघा. फाल्सिपॅरमला प्रायमाक्विनचा एकच डोस देतात, तो डासांकडे जाणारा प्रसार तोडण्यासाठी. यकृतातला ओव्हेल त्याने मरत नाही. पश्चिम आफ्रिकेत दोन्ही संसर्ग एकदम होतात. फाल्सिपॅरम बरा होतो आणि ओव्हेल मागाहून डोकं वर काढतो.

उत्तर ३: पुन्हा ताप आला तर नुसत्या झटपट तपासणीच्या किटवर विसंबू नका. फाल्सिपॅरम-व्हायव्हॅक्सच्या किटमध्ये ओव्हेल निसटतो. जाड आणि पातळ, दोन्ही रक्तपट्ट्या करा, आणि प्रवासाची माहिती तपासणाऱ्याला लिहून द्या.