रॅपिड फ्लू टेस्ट निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी औषध सुरू केले. मग टेस्ट कशासाठी?

गोदाकाठ:
माझी आई ६८ वर्षांची असून तिला बरीच वर्षे मधुमेह आहे. परवा रात्रीपासून तिला १०२ ताप, कोरडा खोकला आणि सडकून अंगदुखी आहे. काल डॉक्टरांच्या सांगण्यावरून जवळच्या लॅबमध्ये इन्फ्लुएन्झाची रॅपिड टेस्ट केली. पंधरा मिनिटांत रिपोर्ट हाती आला, फ्लूचे ए आणि बी हे दोन्ही प्रकार निगेटिव्ह. मला हायसे वाटले, पण डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकून ऑसेल्टामिव्हिर या फ्लूवरील औषधाच्या गोळ्या पाच दिवसांसाठी लिहून दिल्या. औषध द्यायचेच होते तर टेस्ट का करायला लावली, हे दवाखान्यातल्या गर्दीत विचारणे जमले नाही. शिवाय लॅबवाले म्हणतात की वीसेक जंतू एकाच वेळी शोधणारे पीसीआर पॅनेल करा, म्हणजे नक्की काय ते कळेल. त्याचा खर्च हजारांच्या घरात आहे. करावे का?

सूक्ष्मदर्शक:
मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करतो, त्यामुळे टेस्टपुरते बोलतो. ही पट्टी करोनाच्या अँटिजन किटसारखीच असते: पट्टीवरची प्रतिपिंडे स्वॅबमधील विषाणूचे प्रथिन पकडतात आणि रेघ उमटते. मात्र रेघ उमटण्याइतके प्रथिन नमुन्यात मुळात असावे लागते, कारण पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकांच्या लाखो प्रती तयार करून मग शोध घेतला जातो, तशी वाढ येथे होत नाही. लहान मुलांच्या नाकात विषाणू भरपूर असतो, म्हणून त्यांच्यात ही टेस्ट बरी चालते. वयस्कर माणसांत तो कमी असतो आणि टेस्ट अधिक वेळा चुकते.

जुन्या पद्धतीच्या किटची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर फ्लू असलेल्यांपैकी किती जण सापडतात ते प्रमाण, साधारण ५० ते ७० टक्के धरली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये नियम कडक करून मॉलिक्युलर (पीसीआरसारख्या, जनुके शोधणाऱ्या) चाचणीच्या तुलनेत किमान ८० टक्के संवेदनशीलतेची अट घातली, ती यामुळेच. आता हिशेब करून पाहा. साथीच्या दिवसांत ताप-खोकल्याच्या १००० रुग्णांपैकी ३०० जणांना खरोखर फ्लू आहे आणि किटची संवेदनशीलता ६० टक्के, विशिष्टता (फ्लू नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) ९८ टक्के आहे असे धरू. फ्लू असलेल्यांपैकी १८० सापडतील, १२० निसटतील. निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी जाणाऱ्या सुमारे ८०० जणांत हे १२० मिसळलेले असतील, म्हणजे जवळजवळ सातांत एक. आता हेच किट साथ नसताना वापरले आणि १००० पैकी फक्त २० जणांना फ्लू असला, तर १२ खरे पॉझिटिव्ह येतील आणि सुमारे २० खोटे. किट तेच, लॅब तीच, पण एका वेळी निगेटिव्हवर विसंबता येत नाही आणि दुसऱ्या वेळी पॉझिटिव्हवर. तुमच्या डॉक्टरांनी कागदाऐवजी रुग्ण आणि हंगाम पाहिला, असे मला वाटते.

स्वॅब कसा घेतला होता, हेही आठवून पाहा. किटसोबतच्या सूचनेत नाकाच्या मागच्या भागातून नमुना घ्या असे असताना नाकपुडीच्या टोकाशी काडी फिरवली असेल, तर उत्तम किटही आंधळे ठरते.

तालुक्याचा डॉक्टर:
सूक्ष्मदर्शक यांचा हिशेब मान्य आहे. मी तर म्हणेन की ही टेस्ट मुळातच गरजेची नव्हती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे ए, बी आणि सी असे गट केलेले आहेत. सौम्य लक्षणांचा ए गट आणि जास्त ताप किंवा जोखमीचे वय व आजार असलेला बी गट, या दोघांनाही चाचणीची आवश्यकता नाही. धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे, गुंगी येणे अशी लक्षणे असलेल्या सी गटाला दाखल करून तपासणी करायची. पासष्टीच्या पुढचे वय आणि मधुमेह यांमुळे तुमची आई बी गटात येते, आणि तिला रिपोर्टची वाट न पाहता औषध देणे हेच अपेक्षित आहे. ऑसेल्टामिव्हिरचा खरा उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो. पुण्या-मुंबईहून पीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत आमच्याकडे ती वेळ टळून गेलेली असते.

पॅनेलबद्दल मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: उत्तर आल्यावर मी काय वेगळे करणार? साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस निघाला काय किंवा पॅराइन्फ्लुएन्झा निघाला काय, त्यावर द्यायला माझ्याकडे खास औषध नाही. करोनाची टेस्ट मात्र करून घ्या, कारण या वयात तिचे उत्तर उपयोगी पडते आणि ती स्वस्त आहे. घरात ऑक्सिमीटर असेल तर दिवसातून तीन-चार वेळा नोंद ठेवा. आकडा ९४ च्या खाली जाऊ लागला किंवा धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा. तेथे मग पॅनेलचा खर्चही सार्थकी लागतो.

एक महत्त्वाचे: मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर ऑसेल्टामिव्हिरची मात्रा कमी करावी लागते. जुना मधुमेह आहे, म्हणून विचारतो. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन अलीकडे तपासले आहे का?

सूक्ष्मदर्शक:
डॉक्टर, "गरजेची नव्हती" याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. साथीच्या दिवसांत पॉझिटिव्ह आली असती तर अनावश्यक अँटिबायोटिक टळले असते आणि घरात लहान बाळ किंवा गरोदर स्त्री असल्यास वेळीच काळजी घेता आली असती. दोष टेस्टचा नसून निगेटिव्हला "फ्लू नाही" असे वाचण्याचा आहे. मॉलिक्युलर यंत्रेही आता पूर्वीसारखी दूर राहिलेली नाहीत. गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र क्षयरोगासाठी तालुक्यापर्यंत पोहोचले आणि करोनाच्या काळात त्याच यंत्रावर करोनाचे नमुने तपासले गेले. इन्फ्लुएन्झाच्या चाचणीसाठी त्या यंत्रात घालायची चिपही तिथे नियमित मिळू लागली, तर ४८ तासांची तुमची अडचण बरीच हलकी होईल.

तालुक्याचा डॉक्टर:
यंत्र आहे, चिपा मिळाल्या तर मी पहिला रांगेत उभा राहीन.

मुठेकाठचा:
२००९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात होतो. स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेल्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या होत्या, आणि नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत जात होते. मला साधा ताप होता, तरी मी त्या रांगेत अर्धा दिवस काढला. आज वाटते, ज्याला फ्लू नव्हता त्यालाही तो त्याच रांगेत मिळाला असेल. गट पाडून चाचणी मर्यादित करण्यामागचे शहाणपण तेव्हा आम्हाला अन्याय वाटत होता.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. स्वॅब खरोखरच नाकपुडीच्या तोंडाशी फिरवला होता. क्रिएटिनिनचा प्रश्न वाचून जुनी फाइल काढली, तर आठ महिन्यांपूर्वी ते १.६, म्हणजे वाढलेले होते आणि तो रिपोर्ट दुसऱ्या दवाखान्यातला असल्यामुळे या डॉक्टरांनी पाहिलेलाच नव्हता. आत्ताच त्यांना फोन केला. संध्याकाळची गोळी देण्याआधी रक्त तपासून रिपोर्ट पाठवायला त्यांनी सांगितले आहे. करोनाची टेस्ट त्याच वेळी करून घेतो. पॅनेल करत नाही.