गव्हाचा दाणा 'मरतो' म्हणजे नेमकं काय?

तासगावकर: मिरजेत मित्राकडं प्रार्थनेला गेलेलो, तिथं बायबलमधलं योहान 12:24 वाचलं, दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो म्हणे. पण आमच्या रानात मेलेलं बी उगवतच नाय की, दुबार पेरणी बसते बोकांडी!

शाळूवाला: उगवल्यावर उकरून बघ भावा, नुसतं टरफल राहतंय. आतलं सगळं कोंबाला दिलेलं.

मिरजकर: येशू तिथं स्वतःच्या मरणाबद्दल बोलतोय, वधस्तंभाच्या थोडेच दिवस आधी. प्रेषित पौल बायबलमधल्या त्याच्या पत्रात (1 करिंथ 15) हेच पुनरुत्थानाला लावतो, पेरतो एक आणि उगवतं वेगळंच. आणि टर्टुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकानं इ.स. 197 च्या सुमारास लिहिलं की ख्रिस्ती लोकांचं रक्त हेच बी, म्हणजे छळाल तेवढे वाढतील.

तासगावकर: टरफलाचं पटलं राव. उद्या गव्हातला एक उकरतो, आबांना सांगू नका.