क्लॅट: नोट्स पाठ आहेत तरी लीगल रिझनिंगलाच मार्क जातायत, वेळही पुरत नाही

शाईपेन०७

नमस्कार सगळ्यांना. मी बारावी आर्ट्सला आहे, दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम. डिसेंबरमध्ये क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशाची परीक्षा) द्यायचीय. क्लास लावलाय, तिथे कॉन्स्टिट्यूशन, टॉर्ट, कॉन्ट्रॅक्ट, क्रिमिनल लॉ सगळ्याच्या जाड जाड नोट्स दिल्यात आणि मी त्या खरंच मन लावून पाठ केल्यात, कलमांचे नंबर विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण मॉक (सराव परीक्षा) दिली की लीगल रिझनिंगमध्येच सगळ्यात जास्त चुकतं. करंट अफेअर्स बरं जातं, लॉजिकल पण ठीक, मग ज्याचा एवढा अभ्यास केला तेच का चुकावं?

दुसरं म्हणजे वेळ. पॅसेज एकदा वाचून कळत नाही, परत वर जावं लागतं, असं करत करत शेवटचे काही पॅसेज उघडायलाच मिळत नाहीत. सर म्हणतात स्पीड वाढव, पण वाढवायचा कसा ते नाही सांगत. मैत्रीण म्हणते आधी प्रश्न वाच आणि मग पॅसेज. घरी आईबाबा म्हणतात क्लॅटचं राहू दे, एमएच सीईटी (राज्याची लॉ प्रवेश परीक्षा) मराठीतून पण देता येते तर त्यावरच फोकस कर. आणि फेब्रुवारीत बोर्ड आहेच.

ज्यांनी दिलीय त्यांनी प्लीज नीट सांगा. मला वकिलीच करायचीय, त्याबद्दल मनात अजिबात शंका नाही.

मागचा_बाक

हाय, मी एनएलयूला (राष्ट्रीय विधी विद्यापीठात) दुसऱ्या वर्षाला आहे, मीही मराठी मीडियमचाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं लीगलचं. तुझं चुकतंय ते नोट्स पाठ आहेत म्हणूनच चुकत असणार. २०२० ला क्लॅटचा पॅटर्न बदलला, तेव्हापासून सगळं पॅसेजवर आहे आणि लीगल सेक्शनला कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही असं क्लॅट घेणारं कन्सोर्टियम स्वतःच सांगतं. नियम पॅसेजमध्ये दिलेला असतो, खाली एक घटना दिलेली असते, तू तो नियम त्या घटनेला लावायचा. पाठ केलेलं डोक्यात असलं की होतं काय, पहिल्या दोन ओळी वाचून आपण म्हणतो हे तर मला येतं, आणि उरलेला पॅसेज नुसता डोळ्याखालून जातो. आणि पेपर काढणारा नेमकं त्या उरलेल्या भागातच काहीतरी ठेवतो, एखादी अट, एखादा अपवाद.

उदाहरण देतो. समज पॅसेजमध्ये असं दिलंय: जो कोणी दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने हलवतो तो चोरी करतो. पुढे एक ओळ अशी की दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला आहे. आता घटना: एकाने घड्याळ दुरुस्तीला टाकलं, बिल द्यायचं बाकी आहे, दुकानदार म्हणाला पैसे दे आणि घेऊन जा. याने दुकानदाराचं लक्ष नाही असं बघून, पैसे बुडवायच्या हेतूने, घड्याळ उचललं आणि निघून गेला. चोरी झाली का?

बहुतेक जण म्हणतात नाही, स्वतःच्याच घड्याळाची चोरी कशी होईल. पण नियम परत वाच. त्यात मालकी कुठेच नाहीये, ताबा आहे. घड्याळ दुकानदाराच्या ताब्यात होतं, हक्काने होतं, संमती नव्हती, हेतू पैसे बुडवायचा. सगळ्या अटी बसतात, चोरी झाली. हे उदाहरण माझ्या मनाचं नाहीये, जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) चोरीच्या कलमाखालीच दिलेलं होतं.

मी काय करायचो तर नियमाचे तुकडे पाडायचो. वरच्या नियमाचे पाच: दुसऱ्याचा ताबा, जंगम वस्तू, संमती नाही, अप्रामाणिक हेतू, हलवणं. मग घटनेत एकेक शोधायचा, एक जरी नसला तरी उत्तर फिरतं. सुरुवातीला कागदावर खरंच लिहून काढ, वेळ जातो, जाऊ दे. नंतर ते वाचता वाचताच व्हायला लागतं. पर्यायांमध्ये कारणं दिलेली असतात, 'हो, कारण अमुक', 'नाही, कारण तमुक', तिथे कारण पॅसेजमधलं आहे का बाहेरचं तेवढं बघितलं तरी दोन पर्याय लगेच उडतात. तुला माहीत असलेला कायदा आणि पॅसेजमधला नियम वेगळे निघाले तर डोळे झाकून पॅसेजचं ऐकायचं.

आता वेळ. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकलं की पाव मार्क जातो, हे तुला माहीत असेलच. पॅसेज साधारण ४५० शब्दांपर्यंतचे. आपल्याकडे लोकांना वाटतं की स्पीड म्हणजे डोळे पळवणं. तसं नसतं, तुझा वेळ परत वर जाण्यात जातोय, हे तू स्वतःच लिहिलंयस. पहिल्या वाचनात कळलं तर परत जावंच लागणार नाही. त्यामुळे पहिलं वाचन उलट सावकाश कर. प्रत्येक पॅराग्राफ संपला की मनात मराठीत एका वाक्यात म्हण, लेखक काय म्हणाला. हो, मराठीतच. इंग्रजी वाचायचं आणि विचार पण इंग्रजीतच करायचा असा काही नियम नाहीये, मला तर याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला. रोज इंग्रजी पेपरातला एक संपादकीय लेख या पद्धतीने वाच, एकच पण पूर्ण, आणि खाली वहीत दोन ओळी लिही की त्याचं म्हणणं काय आणि त्यासाठी कारण काय दिलंय. सुरुवातीला डिक्शनरी सारखी उघडू नको, आधी अंदाज लाव आणि शेवटी बघ.

आणि आधी प्रश्न वाचू नको. एकेका पॅसेजला बरेच प्रश्न असतात, ते सगळे डोक्यात धरून पॅसेज वाचणं कुणालाच जमत नाही.

अर्धविराम

वरचं बाकी सगळं पटलं, पण आधी प्रश्न वाचू नको हे सरसकट नाही सांगता येणार. लीगल आणि लॉजिकलला पॅसेज आधी, मान्य. पण करंट अफेअर्सला मी कायम प्रश्न आधी बघायचे, कारण तिथे बरेचसे प्रश्न पॅसेजमध्ये नसलेल्या माहितीवर असतात. पॅसेज एखाद्या कराराबद्दल असतो आणि विचारतात की तो करार कुठल्या साली झाला, कुठल्या देशाने सही केली नाही. माहीत असेल तर काही सेकंदात होतं, नसेल तर पॅसेज दहा वेळा वाचून पण येणार नाही. या सेक्शनला २८ ते ३२ प्रश्न आहेत, म्हणजे लीगलएवढेच. तुला करंट अफेअर्स बरं जातंय तर इथून वेळ वाचव आणि तो लीगलला दे. मी पेपर सुरूच इथून करायचे.

क्वांटला घाबरून सोडू नको, आर्ट्सवाली पोरं तेच करतात. १० ते १४ प्रश्न असतात, दहावीपर्यंतचंच गणित, टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्ते वाचणं. मराठी मीडियमवाल्यांना हे उलट सोपं जातं, फक्त रेशो, अ‍ॅव्हरेज असे इंग्रजी शब्द अंगवळणी पाडायचे.

तालुका_कोर्ट

मी वकिली करते, माझ्या मुलीने हे सगळं नुकतंच केलंय म्हणून लिहितेय.

बाळा, तुझ्या नोट्स आधी उघडून बघ. त्यात अजून आयपीसी, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) असेल तर त्या जुन्या आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालेत, कलमांचे नंबर बहुतेक सगळे बदललेत. चोरीचं ३७८ आता ३०३ झालंय. क्लॅटला नंबर लागत नाहीत ते वरच्या मुलाने सांगितलंच आहे, पण एमएच सीईटीला लीगल अ‍ॅप्टिट्यूड आणि जीकेमध्ये थेट माहितीचे प्रश्न येतात, तिथे जुनं पाठ केलेलं असलं की मार्क जातात. तुझं पाठांतर तिथे कामाला येईल, नवीन कायद्यांप्रमाणे तेवढं दुरुस्त करून घे.

आता आईबाबांचं. त्यांना सांग की दोन्ही द्यायच्यात, एकीमुळे दुसरी बुडत नाही. एमएच सीईटी क्लॅट आणि बोर्डाच्या नंतर येते, कॉम्प्युटरवर असते, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि पुण्याचं आयएलएस, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज अशी चांगली कॉलेजं त्यातूनच मिळतात. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षांच्या कोर्सला जायचं तर क्लॅट लागते. तिथे महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, म्हणून फॉर्म भरताना राज्याचा रकाना नीट भर आणि डोमिसाइल सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी मुलं त्यातच अडकतात. आमच्याकडे दरवर्षी पालक ऐन प्रवेशाच्या वेळी धावत येतात. दिल्लीच्या एनएलयूची प्रवेश परीक्षा एआयएलईटी वेगळी असते हेही लक्षात ठेव, क्लॅटमधून तिथे प्रवेश मिळत नाही.

बोर्डाची काळजी अभ्यासाची कर, टक्क्यांची फार करू नको. क्लॅटला ओपनमधून ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०. तेवढे तुला पडणारच आहेत.

आणि घड्याळाचं उदाहरण दिलंय ना, त्यातच थोडा बदल करते, तू उत्तर दे. दुकानदाराचं काहीच देणं नाही, पैसे आधीच दिलेत, घड्याळ ठेवून घ्यायचा त्याला काही हक्क नाही, तरी तो देत नाहीये. मालक दुकानात उघडउघड शिरतो आणि त्याच्या हातातून जबरदस्तीने घड्याळ घेऊन जातो. चोरी?

शाईपेन०७

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे.

मॅडम, मी पाच तुकडे पाडून बघितले. ताबा दुकानदाराचा, वस्तू जंगम, संमती नाही, हलवलं पण. पण अप्रामाणिक हेतू नाहीये, कारण त्याचंच घड्याळ आहे आणि तो कुणाचे पैसे बुडवत नाहीये. म्हणून चोरी नाही. जबरदस्ती केली म्हणून दुसरा काही गुन्हा होत असेल पण प्रश्न चोरीचा आहे. बरोबर का?

नोट्स आत्ता बघितल्या, आयपीसीच आहे सगळं. उद्या क्लासमध्ये विचारते.

अजून एक विचारायचं होतं. निगेटिव्हमुळे मी ज्याची खात्री नाही ते सगळं सोडून देते, त्यामुळे अटेम्प्टच कमी होतात. अंदाजाने मारावं का?

तालुका_कोर्ट

अगदी बरोबर. आणि 'दुसरा गुन्हा होत असेल पण प्रश्न चोरीचा आहे' हे जे लिहिलंस ना, हे फार चांगलं लिहिलंस. कोर्टात पण हेच करावं लागतं, समोर जो मुद्दा आहे तेवढ्यावरच बोलायचं.

मागचा_बाक

अंदाजाचं गणित करून बघ. बरोबर आला तर १, चुकला तर ०.२५ जातो, पर्याय चार. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर उरले तीन, म्हणजे असे तीन प्रश्न मारले तर सरासरी एक बरोबर आणि दोन चूक, १ वजा ०.५, तरी अर्धा मार्क हातात राहतोच. दोन पर्याय उडवता आले तर दोन प्रश्नांत एक बरोबर एक चूक, ०.७५ मिळाले. म्हणजे ज्या प्रश्नात एक जरी पर्याय ठामपणे उडवता येतोय तो सोडायचाच नाही. ज्याचा पॅसेजच वाचलेला नाही त्यावर टिकमार्क करत बसू नको, त्यात मिळतं फार थोडं आणि वेळ जातो तो वेगळाच.

हे मॉकमध्येच करून बघ. अंदाजाने मारलेल्या प्रश्नांपुढे पेपरवर छोटी खूण कर, नंतर फक्त त्या खुणांचा हिशोब काढ. तुझा अंदाज कुठल्या सेक्शनमध्ये चालतो आणि कुठे नाही ते दिसेल. मॉक देण्यापेक्षा दिल्यानंतर ती परत उघडून बसण्यात जास्त शिकायला मिळतं, त्यामुळे मॉक कमी दे पण प्रत्येक चुकीपुढे लिही की का चुकली: अट वाचलीच नाही, बाहेरचं ज्ञान घातलं, का घाई केली. कन्सोर्टियमच्या साइटवर आधीचे पेपर आणि सॅम्पल आहेत, ते आधी संपव. २०२० च्या आधीचे पेपर सोडून दे, तो पॅटर्नच वेगळा होता.

अर्धविराम

पेपरच्या दिवसाचं राहिलं. क्लॅट कागदावर असते, ओएमआर शीट, पेनाने गोल भरायचे आणि एकदा भरला की खोडता येत नाही. शेवटी एकदम सगळे भरू म्हणून ठेवू नको, माझ्या शेजारच्या मुलीचे तसेच राहिले आणि बेल झाली. एक पॅसेज झाला की त्याचे गोल लगेच भरायचे, आणि मधे प्रश्न सोडला असेल तर पुढचा नंबर जुळतोय का बघायचं, नाहीतर सगळी ओळ एका घराने सरकते. मॉक ऑनलाइन देत असशील तर ओएमआरच्या प्रिंट काढ आणि आत्तापासून त्यावरच भर.

अलीकडे पेपर दुपारी २ ते ४ असतो. मॉक पण त्याच वेळेला दे, जेवण झाल्यावर दोन तास सलग वाचायची सवय लागायला पाहिजे.

आणि आन्सर की आली की स्वतः तपासून बघ, हरकत घ्यायला थोडेच दिवस देतात. २०२५ च्या पेपरची की तर दिल्ली हायकोर्ट, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, त्यामुळे रिझल्ट लागला म्हणजे सगळं झालं असं समजू नको, कन्सोर्टियमच्या नोटिसा बघत राहा.

शाईपेन०७

ओएमआरचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, आमच्या मॉक सगळ्या मोबाइलवर आहेत. उद्याच प्रिंट काढते. रविवारी २ वाजता २०२४ चा पेपर लावतेय, झाला की लीगलमधले चुकलेले प्रश्न तुकडे पाडून इथेच टाकते, जमलं तर बघाल का?

मागचा_बाक

टाक, बघतो. उत्तर काय आलं ते खाली लिही, वर फक्त नियम आणि तुझे तुकडे, म्हणजे आम्हाला पण सोडवता येईल.