मदत हवी आहे: नाचणीच्या बिअरमध्ये दाण्यातली साखर पाण्यात उतरत नाही

घरात एकाला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लूटेन (गहू-जवातलं प्रथिन) चालत नाही, त्यामुळे जव आणि गहू बाद. ग्लूटेन-फ्री बिअर बाहेरून आणणं परवडत नाही, म्हणून फोंड्यात घरीच नाचणीची करतोय. घरापुरतीच, पाच लिटर.

नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, उन्हात कडकडीत वाळवते आणि मिक्सरवर भरडते. दीड किलो भरड पाण्यात ६५ अंशांवर तासभर ठेवली, तरी हायड्रोमीटर (पाण्यात उतरलेली साखर मोजणारी नळी) १.०२४ च्या वर जात नाही. मला १.०४५ च्या आसपास हवंय. आयोडीनचा थेंब टाकला की काळानिळा होतो, म्हणजे स्टार्च तसाच पडून आहे. ७५ अंशांवर नेलं तर पेज दाट होते, पण गोडी येत नाही. स्टार्चची साखर करणारे एन्झाइम मरत असणार. गूळ घालून आकडा वाढतो खरा, पण चव रमकडे झुकते आणि बिअर तोंडात पातळ लागते. नाचणीला तूस नसल्याने गाळणी तुंबायची, ते भाताचा धुतलेला तूस घालून सुटलं.

यीस्टची तक्रार नाही. आंबवण ओल्या गोणपाटात असतं, २६-२७ अंश. नवं भांडं नको, खर्च पाचशेच्या आत बसवायचाय.

आता विचार असा: भिजवलेल्या भरडीवरचं, एन्झाइम उतरलेलं निवळ पाणी आधी काढून ठेवायचं, खालचा गाळ उकळून शिजवायचा, निववून ते पाणी परत ओतायचं. कुणी केलंय का? पाणी कितपत काढायचं, आणि गाळ किती अंशांवर आल्यावर परत मिसळायचं? की सरळ अमायलेज पावडर (हेच एन्झाइम, विकत मिळणारं) घेऊ, आणि ती ग्लूटेन-फ्री आहे हे कशावरून ओळखायचं?