वजनाच्या ऑपरेशननंतरची खा-खा आणि घसरगुंडी : तुमचे अनुभव सांगा

माझी स्लीव्ह (पोट कापून लहान करायचं ऑपरेशन) होऊन तीन वर्षं झाली. ऑपरेशनच्या दिवशी 118 किलो होते, सगळ्यात कमी झाले तेव्हा 74, आणि गेल्या रविवारी काटा 83 म्हणाला. हा 83 आकडा मी आत्ता पहिल्यांदा कुणाला सांगतेय, नवऱ्याला 77 सांगितलंय.

पहिले आठ-नऊ महिने भूक म्हणजे काय तेच विसरले होते. सर्जननी समजावलं होतं की पोटाचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकतात आणि भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं त्याच भागात बनतं, म्हणून भूक मरते. मला वाटलं मेली ती मेली, सुटलो. मग वर्षभराने कधीतरी रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात उभी राहून बिस्किटं खाताना स्वतःला पकडलं, दिवासुद्धा लावला नव्हता. आणि गंमत बघा, अर्धं उकडलेलं अंडं खाल्लं की पोट गच्च होतं पण बिस्किटांचा अख्खा पुडा कुठे जातो कळत नाही. रिकामे कागद कचऱ्यात टाकायची सोय नाही कारण घरात दिसतील, म्हणून मी ते माझ्या जुन्या पँटच्या खिशात कोंबते. तीच पँट, जिच्या एका पायात मी दोन्ही पाय घालून फोटो काढला होता आणि सगळ्यांना पाठवला होता.

दीड वर्ष झालं फॉलोअपला गेले नाहीये. कुठल्या तोंडाने जाणार. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी लिहा ना, खा-खा परत सुटली का, कधी सुटली, काय केलंत. यशाचे फोटो नकोत प्लीज, ते माझ्याकडेही आहेत.

पाण्याची बाटली

ताई, अंडं अडतं आणि बिस्किट जातं याला कारण आहे, तुमचं मन कमकुवत वगैरे काही नाही. माझा बायपास आहे (वजनासाठीचा, पोटाचा; हृदयाचा नव्हे), पाच वर्षं झाली. आमच्या डाएटिशियन बाई अशा खाण्याला 'घसरतं खाणं' म्हणायच्या. बिस्किट, चिप्स, आइस्क्रीम तोंडात विरघळतं, पोटात थांबतच नाही, सरळ खाली उतरतं, त्यामुळे भरल्याची जाणीव होत नाही. अंडं, मासे, चिकन हे पोटात बसून राहतं. ऑपरेशन करून ज्या छोट्या पोटाने आपल्याला थांबवायचं तेच यात चुकवलं जातं.

माझी चूक अजून वेगळी होती, मी जेवताना घोट घोट पाणी प्यायचो. सगळे सांगतात जेवणानंतर अर्धा तास पाणी नको, मी म्हटलं एवढ्याने काय होतंय. तर होतं ते हे की घास पाण्याबरोबर वाहून जातो, तासाभरात परत भूक, मग दिवसभर चरत राहायचं. दीड वर्षात 7 किलो परत आले. जाऊन सांगितलं तर बाईंनी ना भाषण दिलं ना काही, फक्त विचारलं "पाणी कधी पिता?" पाणी बाजूला केलं, ताटात आधी प्रोटीन खायला लागलो (मला दिवसाला 70 ग्रॅम सांगितलंय) आणि चरणं बरंच कमी झालं. सगळं नाही. चिप्सचा आवाज आला तरी मी अजून वळून बघतो.

गरगर

माझं डंपिंगचं (खाल्लेलं पोटातून एकदम आतड्यात उतरून होणारा त्रास) प्रकरण लांबलचक आहे पण सांगतोच, कारण मला दोन वर्षं ही क्रेव्हिंगच वाटत होती आणि ती क्रेव्हिंग नव्हतीच.

बायपासनंतर तिसऱ्या महिन्यात ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस, केकचा एक बऱ्यापैकी तुकडा खाल्ला. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने शर्ट ओला, पोटात गडगड, कसाबसा बाथरूमपर्यंत पोचलो आणि तिथेच फरशीवर आडवा झालो. साखर एकदम आतड्यात उतरली की शरीर पाणी तिकडे ओढून घेतं, त्याचा हा तमाशा. खरं सांगू तर आनंदच झाला मला, म्हटलं चला आता आपल्या दारात वॉचमन बसला, गोड बंद. पण वॉचमनच्या वेळा चोराला पाठ होतात. वर्षभरात मला बरोबर कळलं की अर्धा तुकडा चालतो, जेवणानंतर लगेच खाल्लं तर चालतं, हळूहळू खाल्लं तर चालतं.

मग दुसऱ्या वर्षी नवीनच सुरू झालं. जेवून दोनेक तास झाले की हात थरथरायचे, डोकं हलकं, डोळ्यापुढे अंधारी आणि काहीतरी गोड पाहिजेच पाहिजे, इतकं की सहकाऱ्याच्या टेबलावरचं चॉकलेट न विचारता उचलून खाल्लं. खाल्लं की दहा मिनिटांत बरं वाटायचं, दोन तासांनी परत तेच. मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या असतील. एकदा असं होत असताना आईच्या मशीनवर साखर तपासली तर 52! डॉक्टर म्हणाले हे उशिराचं डंपिंग, गोड किंवा पिठूळ खाल्लं की साखर झपकन चढते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि मग साखर आपटते. मी ती उचलायला परत गोड खायचो आणि चाक फिरत राहायचं.

आता नुसतं गोड किंवा नुसता भात कधीच नाही, बरोबर प्रोटीन असतंच. साखर खरंच खाली गेली तर मोजून 15 ग्रॅम ग्लुकोज आणि जरा सावरल्यावर प्रोटीनचं काहीतरी, म्हणजे परत आपटत नाही. आणि तसं वाटत असताना गाडी चालवायची नाही, हे मी एकदा घाबरून शिकलोय. ज्यांना जेवून एक ते तीन तासांनी असं होतं त्यांनी कृपया स्वतःला खादाड म्हणण्याआधी साखर तपासा.

रोखठोक

एवढं ऑपरेशन करूनही खायचंच असेल तर केलं कशाला? मनावर ताबा पाहिजे, बाकी सगळ्या सबबी.

गरगर

दादा तुमचं झालंय का ऑपरेशन?

रोखठोक

नाही, मी डाएट करून 12 किलो कमी केले.

गरगर

बरं.

बर्फाची ट्रे

मला बर्फाचं वेड लागलं होतं. हसू नका. बायपासला चौदा महिने झाले होते, गोड नको, तळलेलं नको, फक्त बर्फ. दिवसाला चार-पाच ट्रे. रात्री दोनला उठून कडाकडा चावायचे, नवरा दचकून जागा व्हायचा. मला वाटायचं बर्फच तर आहे, कॅलरी शून्य, उलट चांगलंच आहे. दाढेचा टवका उडाला तेव्हा दाताच्या डॉक्टरने विचारलं रक्त तपासलंय का. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, फक्त 6 निघालं!! अंगात लोह संपलं की काही लोकांना बर्फ, माती, खडू असलं खावंसं वाटतं म्हणे. बायपासमध्ये अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं, म्हणून आपल्याला गोळ्या जन्मभर. मी त्या सहा महिने बंद केल्या होत्या, पोट साफ होत नाही म्हणून, आणि कुणाला बोलले नव्हते. शिरेतून लोह दिलं आणि तीन आठवड्यांत बर्फाची आठवणसुद्धा येईना. इतकं वेड होतं आणि असं गेलं, मलाच खरं वाटत नव्हतं.

केसही त्याच काळात गळले पण तो वेगळा विषय आहे, त्यावर लिहायला बसले तर संपायचं नाही.

दुसरी बाजू

माझं नाही, बायकोचं ऑपरेशन झालंय. नवऱ्याला 77 सांगितलंय हे वाचून मला कसंतरीच झालं म्हणून लिहितोय.

मी रोज सकाळी विचारायचो, "आज किती?" मला वाटायचं मी आधार देतोय. तिच्या ताटाकडे बघायचो, पाहुण्यांसमोर "तुला चालतं का ते?" म्हणायचो. आणि स्वतः टीव्हीपुढे बसून तिच्याच शेजारी चिप्स खायचो, कारण माझं कुठे ऑपरेशन झालं होतं. एक दिवस तिच्या गाडीच्या सीटखाली रिकामी पाकिटं सापडली. भांडण झालं, मोठं झालं. त्यात ती म्हणाली की गाडी ही एकच जागा आहे जिथे मी तिच्याकडे बघत नसतो.

त्यानंतर मी दोनच गोष्टी केल्या, आकडा विचारणं बंद केलं आणि घरात चिप्स आणणं बंद केलं, सगळ्यांसाठीच, मुलांनी कुरकुर केली ती केली. वजनाचं काय झालं ते मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. पण आता ती जेवायला टेबलावर बसते.

नवी कोरी

माझे आज 19 दिवस झाले. सगळे म्हणतात पहिल्या महिन्यात धपाधप उतरतं आणि माझा काटा सहा दिवस हललेला नाही. रडू येतं. पातळ आणि लगदा खाऊन कंटाळलेय, स्वप्नात मी काहीतरी कुरकुरीत चावत असते. काल राहवलं नाही, चिकनचे दोन तुकडे खाल्ले, छातीत अडकल्यासारखं दुखलं, तोंडात फेस आला आणि सगळं बाहेर. मी काही फाडलं तर नाही ना आतमध्ये??

पाण्याची बाटली

आधी फोन करा तुमच्या डॉक्टरना, आजच, आणि चिकन खाल्लं हे तस्सं सांगा. दुखणं थांबत नसेल, ताप असेल किंवा नाडी जोरात पळत असेल तर फोनवर न थांबता सरळ जायचं. उलट्या चालूच राहिल्या तर तेही "होईल बरं" म्हणून अंगावर काढू नका, अशात बी1 जीवनसत्त्व पटकन संपतं आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर होऊ शकतो. तिसऱ्या आठवड्यात काटा अडणं मात्र इतकं कॉमन आहे की आमच्या ग्रुपमध्ये कुणाचा अडला नाही तर आम्ही विचारायचो तुझा काटा बिघडलाय का. सुरुवातीला उतरतं त्यात पाणी बरंच असतं, मग शरीर जरा थांबतं. रोज वजन करू नका एवढंच. कुरकुरीत मिळेल हो, अजून काही आठवडे.

नवी कोरी

केला फोन. उद्या सकाळी बोलावलंय. ओरडले नाहीत.

अर्धा पेला

लिहू की नको करत होते. माझं खाणं सुटलं नाही, वजनही आलं नाही, सगळे कौतुक करतात. माझं पिणं सुरू झालं.

आधी मी कधीतरी पिणारी. बायपासनंतर एक ग्लास वाइन आधीच्या दोन-तीन ग्लासांसारखी चढायची, पटकन आणि जोरात. दिवसभराचा ताण आधी मी खाण्यावर काढायचे, ते दार बंद झाल्यावर हे उघडलं. ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहून दिलं होतं की दुसऱ्या वर्षापासून दारूच्या सवयीचा धोका वाढतो, मी सही केली आणि विसरले, कारण मला वाटलं हे पिणाऱ्यांसाठी आहे. दोन वर्षांत रोजचं झालं. वजन कमी दिसत असल्यामुळे कुणाला शंका येत नाही हे त्यातलं सगळ्यात वाईट. आता सात महिने बंद आहे, समुपदेशकाकडे जातेय. जास्त लिहवत नाही.

बर्फाची ट्रे

लिहिलंत हे फार बरं केलंत.

दुसरी फेरी

सहा वर्षं, स्लीव्ह, 16 किलो परत. मी अडीच वर्षं डॉक्टरांना तोंड दाखवलं नाही. गेलो तेव्हा वाटलं म्हणतील पोट ताणलं, तुझीच करणी. दुर्बीण घालून बघितलं, पोट तसं ठीक. मग झोप विचारली, ताण विचारला, चालू गोळ्या विचारल्या. मी नैराश्यासाठी जी गोळी घेत होतो तिने वजन वाढू शकतं हे मला माहीतच नव्हतं, ती त्या डॉक्टरांशी बोलून बदलली (मनाने बंद केली नाही, तुम्हीही करू नका). शिवाय आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं (भूक कमी करणारं औषध) इंजेक्शन सुरू केलं. पहिल्यांदा लाज वाटली, म्हटलं ऑपरेशन करूनही परत औषध, म्हणजे मी दोनदा नापास. डॉक्टर म्हणाले ब्लडप्रेशरला एका गोळीने नाही भागलं तर दुसरी देतो तेव्हा कुणी नापास होतं का. आता डोक्यात चोवीस तास चालणारी खाण्याची कुजबुज बरीच खाली गेलीय. मळमळ होते अधूनमधून. 9 किलो उतरले, बाकीचे बसलेत.

(धागा काढणारी)

सगळं वाचलं, काही दोनदा वाचलं. 'दुसरी बाजू', तुमचं वाचून मी रात्री नवऱ्याला ती पँट दाखवली. खिशातून 14 कागद निघाले. तो म्हणाला, "मला माहितीये, कपाट आवरताना ती पँट कुरकुरते, सहा महिने झाले." सहा महिने! आणि मी कागद आवाज न करता घडी घालत बसायचे.

क्लिनिकला फोन केला. मला वाटलं दीड वर्षाचा हिशोब मागतील, तर समोरच्या मुलीने फक्त सकाळची वेळ चालेल का विचारलं. गुरुवारी अकरा वाजता आहे. रक्त आधी द्यायचंय, लोह, बी12, ड जीवनसत्त्व, सगळं. 'गरगर', साखरेचंही विचारणार आहे, रात्रीचं जेवण साडेआठला होतं आणि माझी बिस्किटं बरोबर साडेदहालाच असतात, हे आत्तापर्यंत कधी जुळवून बघितलंच नव्हतं.

बर्फाची ट्रे

आणि त्याला आकडा सांगितलात?

(धागा काढणारी)

सांगितला. 83.4. वरचे 400 ग्रॅम मी तुमच्यापासूनही लपवले होते.