गरम झाला की ठिणगी जाते, दोन मॉड्यूल बदलून झाले

जुना_अठ्ठ्याहत्तर
माझा १९७८ चा पेट्रोल ट्रक आहे. सहा सिलिंडर, ठिणगीची कॉइल बाहेर, तिला चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आत. सकाळी अर्ध्या सेल्फला लागतो. अर्धा-पाऊण तास चालला की बंद. आचके नाहीत, खोकणं नाही, कुणीतरी किल्ली फिरवावी तसा एकदम. कधी लगेच लागतो, कधी वीस मिनिटं बॉनेट उघडून थांबावं लागतं.

वर्षभरात प्लग, प्लगच्या वायरी, कॅप, रोटर, कॉइल आणि दोन मॉड्यूल बदलले. मॉड्यूल बदललं की पंधरा दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतंय. आणखी एक, कामाचं आहे का माहीत नाही: भरलेला ट्रक चढावर कधीच बंद पडला नाही. पडतो तो सपाट रस्त्याला, पाय हलका असताना. वडिलांनी हाच ट्रक चालवला, मला तो विकायचा नाही. पण रात्री बाहेर काढायची हिंमत होत नाही.

वायरिंगवाला
मॉड्यूलखाली सिलिकॉन ग्रीस लावलं होतं का? त्या ग्रीसमधूनच उष्णता खाली उतरते. कोरडं बसवलं तर नवं मॉड्यूलही जळतं.

आता बंद पडला की काही बदलू नका, टेस्ट लॅम्प घ्या. किल्ली चालू ठेवून कॉइलच्या प्लसला लावा. पेटला नाही तर दोष इग्निशन स्विच किंवा त्याच्या वायरीत. पेटला तर मायनसला लावून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला तर मॉड्यूल काम करतंय, पुढे कॉइल, रोटर बघा. नुसताच पेटून राहिला तर मॉड्यूल किंवा त्याला इशारा देणारी पिकअप कॉइल. आणि प्लगची वायर मोकळी धरून ठिणगी बघू नका, त्यानेही मॉड्यूल जातं. जादा प्लग लावून तो इंजिनला टेकवा.

जुन्या_इंजिनांची_ताई
दादा, चढावरची गोष्टच सगळ्यात कामाची आहे. हलक्या पायाला इंजिनातला व्हॅक्युम, म्हणजे हवेची ओढ, जास्त असतो. तेव्हा ठिणगीची वेळ पुढे आणणारा व्हॅक्युम अॅडव्हान्स पिकअपची प्लेट ओढून फिरवतो आणि पिकअपच्या दोन बारीक वायरी दर वेळी वाकतात. चढावर पाय दाबला की व्हॅक्युम पडतो, प्लेट जागेवर येते. इतक्या वर्षांनी वायर आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. मॉड्यूल बदलताना त्या वायरी हलतात, तुटलेली टोकं पुन्हा टेकतात, म्हणून तुमचे ते पंधरा दिवस.

पिकअपचा कनेक्टर मॉड्यूलपासून काढून मल्टिमीटर लावा. अशा डिस्ट्रिब्यूटरला ५०० ते १५०० ओहम यायला हवेत. मग व्हॅक्युमची नळी तोंडाने ओढा आणि काटा बघत राहा. दोन्ही वायरी बॉडीशीही तपासा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये.

जुना_अठ्ठ्याहत्तर
आज केलं. काल बंद पडला तेव्हा प्लसला दिवा होता, मायनसला नुसता पेटून राहिला. गार असताना पिकअप ८२० ओहम. नळी ओढली, आकडा नाचला आणि मीटर उघडं, म्हणजे जोड तुटलेला, दाखवायला लागलं. नळी सोडली, पुन्हा ८२०. तीनदा करून पाहिलं. मग हिरवी वायर चिमटीत धरून हळूच ओढली, तर एका जागी आवरण रबरासारखं ताणलं गेलं. कापून बघितलं, आत तांब्याचे केस काळे पडून सुटे झाले होते. वर्षभर मी ह्याच वायरीला हात लावून पुढचे भाग बदलत होतो. ताई, मनापासून आभार. ही वायर डाग देऊन जोडली तर चालेल का?

जुन्या_इंजिनांची_ताई
नको. डाग दिलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारीच वायर पुन्हा तुटते. पिकअप नवीच घाला. शाफ्ट काढावा लागेल, त्यासाठी गिअरची पिन ठोकून बाहेर काढतात. त्याआधी गिअर आणि शाफ्टवर खूण करा, गिअर उलटा बसला तर टायमिंग (ठिणगीची वेळ) जागेवर येणार नाही. डिस्ट्रिब्यूटर उपसण्याआधी रोटरचं तोंड कुठे आहे तेही खुणवून ठेवा. शेवटी व्हॅक्युमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून टायमिंग लाइटने बघा.