सुपरस्टेशनांचा खरा शेवट
सुपरस्टेशन म्हणजे उपग्रहामार्फत अमेरिकाभर केबलवर दिसणारं एखाद्या शहरातलं टीव्ही स्टेशन. काही जण म्हणतात की केबलवर शेकडो चॅनेल आले आणि सुपरस्टेशनांची मजा गेली. मला वाटतं, मोठा फटका त्याआधीच बसला होता. १ जानेवारी १९९० पासून अमेरिकेत नियम लागू झाला: एखाद्या जुन्या मालिकेचे हक्क गावातल्या स्टेशनकडे असतील आणि त्यांनी मागणी केली, तर केबलवाल्याने बाहेरच्या स्टेशनवरची तीच मालिका झाकायची, म्हणजे दाखवायची नाही. त्यामुळे न्यूयॉर्कच्या डब्ल्यूडब्ल्यूओआर या सुपरस्टेशनचं तर उपग्रहावरून वेगळंच प्रक्षेपण सुरू करावं लागलं.

अटलांटाच्या टीबीएस या सुपरस्टेशनची मात्र बातच और! १९८१ पासून त्यांचे कार्यक्रम ७.०५, ७.३५ असे पाच मिनिटं उशिरा सुरू व्हायचे. कार्यक्रमांच्या यादीत त्यांची ओळ वेगळी उठून दिसायची, आणि दुसरीकडचं संपवून आलेल्यालाही 'अँडी ग्रिफिथ शो'सारखी जुनी मालिका पहिल्या दृश्यापासून मिळायची. टीबीएसचा मालक टेड टर्नर याची ही युक्ती मला आजही मनापासून आवडते.